दीड गुंठ्यातली बाग आणि बसायची फरशी: आखणी कशी करावी

सांगलीच्या बाहेरच्या अंगाला, काळ्या जमिनीवर आमचे दीड गुंठ्याचे घर आहे. रस्ता पूर्वेला, घराचे दार पूर्वेला आणि स्वयंपाकघर मागे पश्चिमेला, अशी त्याची मांडणी आहे. घराभोवतीच्या मोकळ्या जागेत बाग करावी आणि संध्याकाळी चहा घेऊन बसता येईल अशी फरशी, म्हणजे हल्ली ज्याला पॅटिओ म्हणतात ती, तिथे घालावी एवढीच आमची इच्छा होती. ती पुरी व्हायला दोन वेळा खर्च झाला. पहिली फरशी मे महिन्यात घातली आणि जुलैत ती मधोमध फुगली. शिवाय ती जिथे घातली होती तिथे उन्हाळ्यात रात्री आठपर्यंत पाय ठेवता येत नव्हता. दुसरी फरशी जागा बदलून, नीट आखून घातली, आणि आता आमचा निम्मा दिवस तिच्यावरच जातो. सातारा-सांगलीकडे नव्याने घर बांधून पहिल्यांदाच बाग आखणाऱ्यांना आमच्यासारखा दुप्पट खर्च करावा लागू नये, म्हणून सगळा क्रम इथे लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. बागेचा विचार बहुतेक जण झाडांपासून सुरू करतात. रोपवाटिकेत जातात, चार रोपे आणतात आणि मग ती कुठे लावायची ते ठरवतात. छोट्या जागेत हा क्रम उलटा लागतो. आधी ऊन, मग पाणी, मग माती, त्यानंतर फरशीची जागा आणि अगदी शेवटी झाडे.

१. कागदपत्रे आणि साधने गोळा करा

घराचा मंजूर नकाशा, सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणी झाली असल्यास मोजणीचा नकाशा, एवढे कागद समोर ठेवा. नळाची, सांडपाण्याची आणि विजेची लाइन जमिनीतून कुठून गेली आहे हे मंजूर नकाशात सहसा सापडत नाही. ते घर बांधणाऱ्या गवंड्याला किंवा प्लंबरला विचारून घ्यावे लागते, आणि तो माणूस दुसऱ्या गावी निघून जाण्याआधी विचारावे लागते. आमच्याकडे पहिल्याच दिवशी कुदळीने पाण्याचा पाइप फुटला होता.

घर आणि हद्द यांच्यामध्ये सोडलेली जागा ही सामासिक अंतराची जागा असते. तिथे उघडी फरशी घालणे आणि तिच्यावर कायमचे छप्पर टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रा किंवा स्लॅब टाकायचा विचार असेल, तर महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत, जे तुमच्याकडे लागू असेल तिथे आधी विचारा. शहरी हद्दीत जागेवर जुने झाड उभे असेल तर तेही परस्पर तोडता येत नाही. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. आमचा अनुभव असा की जुने झाड वाचवून आखणी केली तर सावली फुकट मिळते.

साधने थोडीच लागतात: पन्नास फुटी टेप, आलेख कागद, सुतळी, आठ-दहा लाकडी खुंट्या, फक्की (आखायची पांढरी पूड), गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी, एक कुदळ आणि दोन बादल्या.

२. जागा आहे तशी कागदावर उतरवा

एक सेंटिमीटर म्हणजे दोन फूट असे प्रमाण धरले, तर तेहतीस बाय पन्नास फुटांचा प्लॉट साध्या ए-फोर कागदावर बसतो. त्यावर घर, दारे, खिडक्या, फाटक, पाण्याची टाकी, चेंबरची झाकणे, बोअर, विजेचा खांब आणि शेजाऱ्याच्या झाडाची आत आलेली फांदी, हे सगळे दाखवा. खिडकीची उंचीही लिहून ठेवा, कारण पुढे तिच्यासमोर तगर लावली की दोन वर्षांत खोलीत अंधार होतो.

या नकाशाच्या पाच-सहा झेरॉक्स काढा. एक उन्हासाठी, एक पाण्यासाठी आणि उरलेल्या खोडाखोडीसाठी. मूळ कागदावर काहीही रंगवू नका.

३. उन्हाची नोंद ठेवा

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा आहे आणि लोक तो गाळतात. सकाळी आठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेचार या तीन वेळांना घराची सावली कुठपर्यंत पडते ते फक्कीने जमिनीवर आखा आणि नंतर कागदावर उतरवा. साडेबाराच का, तर आपल्याकडे घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला नसतो. सांगली-साताऱ्यात तो वर्षातले बहुतेक दिवस साडेबाराच्या आगेमागे मध्यावर येतो.

एका दिवसाची नोंद पुरत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि त्या महिन्यात दुपारीसुद्धा चौदा फूट उंच घराची सावली उत्तरेकडे जवळजवळ बारा फूट पडते. म्हणजे घराच्या उत्तरेच्या पट्टीला हिवाळाभर ऊन मिळत नाही. उलट मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य सांगलीत किंचित उत्तरेकडे असतो, आणि हिवाळ्यात थंड वाटलेली तीच उत्तरेची भिंत उन्हाने तापते. वर्षभर थांबणे शक्य नसेल तर निदान हिवाळ्यातला एक आणि उन्हाळ्यातला एक दिवस तरी पाहा. तेही जमत नसेल तर शेजारच्या जुन्या घरात कोणत्या बाजूला माणसे बसतात ते बघा.

आम्ही चुकलो ते इथेच. बसायची जागा घरामागेच, स्वयंपाकघराच्या दाराशी असावी असे आम्ही धरून चाललो होतो, आणि आमचे मागचे दार नेमके पश्चिमेला होते. एप्रिल-मे महिन्यांत माणूस बाहेर बसतो तो संध्याकाळी, आणि त्या वेळी पश्चिमेची फरशी दिवसभराच्या उन्हाने तव्यासारखी झालेली असते. त्याउलट एप्रिलच्या अखेरीस चार वाजता चौदा फूट उंच घराची सावली पूर्वेकडे सोळा फुटांपर्यंत पोहोचते. आमचे पुढचे अंगण बारा फुटांचे आहे. म्हणजे चारच्या सुमारास ते सगळे सावलीत येते, आणि हिवाळ्यात सकाळचे कोवळे ऊनही तिथेच मिळते. पावसाळी वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, त्यामुळे भुरभुर पावसातही घराच्या आडोशाला बसता येते. हे सगळे कागदावर पाहिल्यानंतर पूर्वेशिवाय दुसरी जागा सुचणे शक्यच नव्हते. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपण दिसतो, ही एकच अडचण होती आणि ती जाळीवर जाईचा वेल चढवून सुटली.

तुमच्या घराचे तोंड वेगळ्या दिशेला असेल तर उत्तर वेगळे येईल. पश्चिमेशिवाय जागाच नसेल, तर फरशीच्या पश्चिम कडेला वेलाचा मांडव किंवा दाट झुडपांची रांग आधी धरा आणि फरशी नंतर घाला.

४. पाणी कुठून येते आणि कुठे जाते

एक इंच पाऊस म्हणजे ऐकायला थोडा वाटतो. बारा बाय दहाच्या फरशीवर एवढा पाऊस पडला की सुमारे २८० लिटर पाणी होते, आणि चोवीस बाय अठ्ठावीसच्या स्लॅबवरून तेवढ्याच पावसात दीड हजार लिटरहून अधिक पाणी खाली येते. वळवाचा पाऊस हे सगळे तासाभरात ओततो. ते कुठून जाणार हे तुम्ही ठरवले नाही, तर ते स्वतःचा रस्ता शोधते आणि तो बहुधा घराच्या पायाकडे किंवा शेजाऱ्याच्या दारात जातो.

लेव्हलच्या नळीने प्लॉटच्या चारही कोपऱ्यांची उंची मोजा आणि पाण्याच्या नकाशावर बाणांनी उतार दाखवा. छपराचे पाइप जिथे उतरतात तिथे खूण करा. फरशी त्या पाइपाच्या तोंडाशी कधीही येता कामा नये. दुसरा इलाज नसेल तर पाइप फरशीखालून पुढे न्या. सगळ्यात खोलगट कोपरा फरशीसाठी टाळा आणि तो केळी, कर्दळ, अळू यांना द्या, कारण पाणी तिथेच येणार आहे.

शोषखड्ड्याबद्दल, म्हणजे पाणी जमिनीत जिरवायच्या खड्ड्याबद्दल, इथे थोडे सावध करते. साताऱ्याला अजिंक्यताऱ्याच्या उताराकडे किंवा मुरमाड माळावर शोषखड्डा चांगले काम करतो. सांगलीच्या काळ्या मातीत पावसाळ्यात तो भरून राहतो आणि डासांची सोय होते. काळ्या जमिनीत उघडा चर काढून पाणी बाहेर नेणे किंवा टाकीत साठवणे हेच बरे. प्लॉट कृष्णेच्या पूररेषेत असेल तर २०१९ आणि २०२१ साली पाणी कुठपर्यंत आले होते ते शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर खूण करा. विजेचे सॉकेट, पंप आणि बागेतले दिवे त्या खुणेच्या वर घ्या, आणि जड बांधीव बाके, सजावटीच्या भिंती असल्या खर्चात पडू नका.

५. माती हातात घेऊन पाहा

ओली माती मुठीत दाबून तिची वळी करा. लांब, न तुटणारी, चिकट वळी झाली तर ती काळी चिकण माती आहे. दुसरी परीक्षा खड्ड्याची: एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी किती वेळ लागतो ते पाहा. आमच्याकडे संध्याकाळी भरलेले पाणी दुसऱ्या दिवशी दुपारीही तळाशी होते.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. तिच्यावर थेट घातलेली फरशी तिच्याबरोबर वरखाली होते. आमच्या पहिल्या फरशीच्या वेळी एका म्हाताऱ्या गवंड्याने येताजाता सांगितले होते, “वहिनी, काळीवर फरशी टिकत न्हाई. आधी काळी काढा, मुरूम भरा.” काम दुसऱ्याला दिले होते आणि मुरमाचे पैसे वाचत होते, म्हणून आम्ही ऐकले नाही. शिवाय ते काम आम्ही भर मे महिन्यात केले, म्हणजे माती सगळ्यात आकसलेली असताना. पहिल्या चार पावसांत ती फुगली आणि सिमेंटमध्ये बसवलेल्या शहाबादी फरश्या मधून उचलल्या गेल्या.

जमिनीवर किंवा विटांवर पांढरा थर दिसत असेल तर माती आणि बोअरचे पाणी दोन्ही तपासून घ्या. सांगली जिल्ह्यात क्षारपड जमिनी पुष्कळ आहेत आणि मृदा परीक्षण प्रयोगशाळेत अल्प शुल्कात ही तपासणी होते. खारट पाण्यावर लिंबू रडतखडत जगते. चिकू आणि नारळ त्यामानाने सोसतात. नारळ छोट्या बागेत घराला लागून लावू नये, एवढे मात्र ध्यानात ठेवा.

६. फरशीचे माप ठरवा

फरशी किती मोठी असावी हे त्यावर काय ठेवणार यावरून ठरते. तीन फुटी चौकोनी टेबल आणि चारी बाजूंना खुर्ची मागे सरकवायला तीन-तीन फूट धरले की नऊ बाय नऊ होते. पाच फुटी झोपाळा हवा असेल तर त्याच्या पुढे-मागे मोकळी जागा धरून आठ फूट खोली लागते. टेबलही आणि झोपाळाही, असा मोह आम्हालाही झाला होता. दीड गुंठ्यात दोन्ही बसवले तर बाग उरत नाही. आम्ही बारा बाय दहावर थांबलो.

पायवाट एका माणसासाठी अडीच फूट पुरते, पण गॅसची टाकी, सायकल किंवा पोते जिथून न्यायचे तिथे तीन फूट ठेवा. कपडे वाळत घालण्याच्या दोरीपर्यंत पायवाट हवीच. ही दोरी नकाशात दाखवायला सगळे विसरतात आणि मग ती नेमकी झोपाळ्यावरून जाते.

७. फक्कीने आखा आणि आठ दिवस जगून बघा

कागदावरची फरशी खुंट्या आणि सुतळीने जमिनीवर उतरवा. काटकोन साधायला तीन-चार-पाचचा हिशेब करा: एका कडेवर तीन फूट, दुसऱ्या कडेवर चार फूट, आणि त्या दोन खुणांमधले तिरपे अंतर पाच फूट भरले की कोपरा काटकोनात आहे. मग फक्की मारा, आत खरोखरच्या खुर्च्या ठेवा आणि आठवडाभर तिथेच चहा प्या. फाटक पूर्ण उघडते का, दुचाकी वळते का, पाहुणा आला तर तो खुर्च्यांना वळसा घालून दाराशी येतो का, हे सगळे या आठ दिवसांत कळते. आमची फरशी याच काळात दीड फूट उत्तरेला सरकली, कारण चपला काढायला जागाच उरत नव्हती.

८. फरशीचे काम करून घेताना

काळ्या जमिनीत हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. तेव्हा माती चिखलाचीही नसते आणि भेगाळलेलीही नसते.

आखणीच्या प्रत्येक बाजूला सहा इंच जास्त धरून सव्वा फूट खोल माती काढा. बारा बाय दहाच्या फरशीसाठी खड्डा तेरा बाय अकराचा होतो. त्यात एक फूट मुरूम भरायचा म्हणजे १४३ घनफूट, जवळजवळ दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पण धुम्मस केल्यावर, म्हणजे ठोकून बसवल्यावर, मुरूम दबतो, म्हणून आम्ही पावणेदोन ब्रास मागवला. मुरूम सहा-सहा इंचांच्या दोन थरांत, प्रत्येक थराला पाणी मारून आणि धुम्मस करून भरला पाहिजे. एकदम ओतून वरून एकदाच धुम्मस करणे ही नेहमीची पळवाट आहे. त्या दिवशी घरी थांबा.

निघालेली काळी माती ठेकेदाराला नेऊ देऊ नका. ती दोन ब्रासच्या आसपास भरते आणि वाफ्यांना तीच लागते.

फरशी कशाची घालावी याबद्दल माझे मत पक्के झाले आहे. काळ्या जमिनीवर सिमेंटमध्ये घट्ट बसवलेली फरशी नको. मुरमावर दीड इंच बारीक कच (दगडाचा चुरा) पसरून त्यावर साठ मिलिमीटर जाडीचे पेव्हर ब्लॉक सुटे बसवले आणि कडेने काँक्रीटची पट्टी दिली, तर कुठे खचले किंवा फुगले तरी तेवढे ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. दिसायला शहाबादी अधिक सुरेख, हे मान्य आहे. मुरमाड जमिनीवर, म्हणजे साताऱ्याच्या बऱ्याच भागात, ती बिनधास्त घाला. मात्र पॉलिश न केलेली घ्या, कारण पावसाळ्यात सावलीतल्या शहाबादीवर शेवाळ धरते आणि गुळगुळीत फरशीवर वडीलधारी माणसे घसरतात. काळा कडप्पा उन्हात फार तापतो, तो उघड्यावर नको. आमच्या पहिल्या फरशीच्या शहाबाद्या मागच्या पायवाटेला कामी आल्या.

ढाळ घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला, दर चार फुटांना पाऊण इंच असा द्या. दहा फुटांत तो पावणेदोन इंचांच्या जवळ जातो आणि खुर्ची डुगडुगत नाही. फरशीची वरची पातळी जोत्याच्या, म्हणजे घराच्या पायाच्या वरच्या कडेच्या, पातळीपेक्षा निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर भिंतीत ओल चढते. सांधे भरण्याआधी भिंतीच्या बाजूने दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे साचते ते गवंड्याच्या समोर पाहा. पैसे चुकते करण्याची वेळ त्यानंतरची.

मुरूम भरण्याआधी फरशीखालून दोन इंची दोन रिकामे पाइप आरपार टाकून त्यांची तोंडे बंद करून ठेवा, एक पाण्यासाठी आणि एक विजेसाठी. आज गरज नसली तरी दोन वर्षांनी ठिबकची नळी किंवा दिव्याची वायर पलीकडे न्यावीशी वाटते.

९. आता झाडे

नकाशाची शेवटची प्रत घ्या आणि रोपाचे आजचे नव्हे, पूर्ण वाढलेल्या झाडाच्या घेराचे वर्तुळ काढा. लिंबाला बारा फूट, पारिजातकाला आठ-दहा फूट धरले की दीड गुंठ्यात किती थोडी झाडे बसतात ते लगेच दिसते. वड, पिंपळ, उंबर यांची रोपे भिंतीच्या फटीत आपोआप उगवतात, ती लहान असतानाच काढा. काळ्या जमिनीत मोठे झाड घराजवळ असले तर ते पायाखालची ओल शोषून घेते आणि माती आकसते. म्हणून झाड जेवढे उंच होणार तेवढे अंतर घरापासून ठेवावे, असा साधा हिशेब धरा. शेवग्याची फांदी ठिसूळ असते, वळवाच्या वाऱ्यात मोडते, तेव्हा तो फरशीवर झुकेल अशा जागी नको. कढीपत्ता मुळांतून फुटवे काढत पसरतो, त्याला कोपरा द्या.

फरशीच्या कडेला मोगरा, कुंद, अबोली, गवती चहा अशी गुडघ्याएवढी झाडे ठेवा, म्हणजे बसल्यावर नजर अडत नाही आणि वासही येतो. पश्चिमेला, जिथे आमची पहिली फरशी होती, तिथे भरपूर ऊन असल्यामुळे मिरची, वांगी, टोमॅटोचे वाफे आणि कपड्यांची दोरी आहे. उत्तरेच्या सावलीच्या पट्टीत अळू आणि नेचे.

वाफ्यासाठी काढलेली काळी माती, मुरूम किंवा जाड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात मिसळा. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसातला गाळ) मिळाली तर उत्तम, पण ती ताजी घालू नका. कुजताना तापते आणि रोपे जळतात. उसाचे पाचट आच्छादनाला आपल्याकडे सहज मिळते, फक्त ते घराच्या भिंतीपासून दीड फूट दूर ठेवा, कारण वाळवी आधी पाचटाला लागते आणि मग दाराच्या चौकटीकडे वळते. कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला ओतून टाका. डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

१०. पहिला पावसाळा

फरशी जानेवारीत झाली असेल तर रोपे लगेच लावण्याची घाई करू नका. उन्हाळ्यात वाफे भरून, पाणी मारून मुरू द्या आणि जूनच्या अखेरीस दोन-तीन चांगले पाऊस झाले की लागवड करा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर या आणि फरशीवर जिथे पाणी थांबते तिथे वीटकरीने खूण करा. पाऊस चालू असताना ब्लॉक उचलू नका, खालचा कच वाहून जातो. खुणा नकाशावर उतरवून ठेवा आणि ते ब्लॉक पुढच्या डिसेंबरात उचलून, खाली कच भरून पुन्हा बसवा. आमचे असे अकरा ब्लॉक निघाले होते, सगळे छपराच्या पाइपाच्या बाजूचे.